तुम्ही विचारलंत म्हणून: आधी वेट्स की आधी रनिंग?

एकाच दिवशी वेट्स आणि रनिंग दोन्ही केलं तर चालतं का, आणि आधी काय करायचं? कोणी नवीन जिम लावली की मला हे विचारतं, कोणी पहिल्यांदा दहा किलोमीटरच्या रेसला नाव दिलं की तेही हेच विचारतं, आणि दोघांच्याही डोक्यात कोणीतरी आधीच भीती घालून ठेवलेली असते, एकाला सांगितलेलं असतं की पळशील तर मसल जातील आणि दुसऱ्याला की वजन उचलशील तर पाय जड होतील. तर हो, चालतं. मी तर म्हणेन बहुतेकांनी एकाच दिवशीच करावं.

ही भीती आली कुठून ते आधी बघू. १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन नावाच्या संशोधकाने तीन गट घेतले, एकाने आठवड्यातून ५ दिवस फक्त ताकदीचा व्यायाम केला, दुसऱ्याने ६ दिवस फक्त दमाचा, म्हणजे बराच वेळ न थांबता करत राहायचा, आणि तिसऱ्याने दोन्ही, पूर्णच्या पूर्ण. १० आठवडे. तिसऱ्या गटाची ताकद सहा-सात आठवडे छान वाढत गेली, मग थांबली आणि शेवटी उतरायला लागली. सगळे एवढंच लक्षात ठेवतात. पण त्या लोकांवरचा लोड बघा ना, आठवड्याला अकरा सेशन आणि दमाचं सेशन पण जीव काढणारं! आणि त्यांचा दम मात्र नुसतं दमाचं ट्रेनिंग करणाऱ्यांइतकाच वाढला, हे कोणी सांगतच नाही. पुढे २०२२ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला त्यात दिसलं की दोन्ही केल्याने जास्तीत जास्त ताकद आणि मसलचा आकार यांचं नुकसान होत नाही, फटका बसतो तो झटक्यात लावायच्या ताकदीला, म्हणजे उंच उडी वगैरे, आणि तोही मुख्यतः दोन्ही एकाच सेशनमध्ये लागोपाठ केलं तर. तुम्ही स्प्रिंटर असाल तर हे मनावर घ्या, बाकीच्यांनी निवांत राहा.

आता एकच दिवस का म्हणते. जड स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) केल्यावर पाय त्याच दिवशी दुखत नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धरतात, आणि दुखत नसले तरी थकवा आत असतोच. लोक काय करतात, सोमवारी लेग डे म्हणजे पायांच्या वेट्सचा दिवस, मंगळवारी इंटरव्हल (थोडं जोरात पळा, थोडं सावकाश, परत जोरात), बुधवारी परत वेट्स, गुरुवारी टेम्पो (बराच वेळ एकसारख्या जोरकस वेगाने पळणं), आणि वाटतं की वा, काय छान वाटून दिलंय सगळं, पण पायांना एकही मोकळा दिवस मिळत नाही आणि इंटरव्हल कालच्या स्क्वॉटच्या पायांवर पळले जातात, ना धड वेग येत ना धड वजन वाढत. त्यापेक्षा कडक रनिंग आणि कडक लेग डे एकाच दिवशी लावा, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, आणि दुसऱ्या दिवशी खरंच आराम किंवा अगदी हळू जॉग. कडक दिवस कडक, सोपा दिवस सोपा. हे एवढं जमलं तरी खूप फरक पडतो, मनापासून सांगते.

आधी काय? जे सुधारायचंय ते आधी, ताज्या पायांवर. रेस जवळ असेल तर सकाळी रन आणि संध्याकाळी वेट्स. ताकद वाढवायची असेल तर उलटं. दोन्ही थोडं थोडं हवं असेल तर मी आधी वेट्स सांगते, कारण थकलेल्या पायांनी हळू पळता येतं पण थकलेल्या पायांनी जड स्क्वॉट केला की फॉर्म, म्हणजे उचलण्याची पद्धत, बिघडतो आणि सगळं कमरेवर येतं. दोन्हींत साधारण सहा तास ठेवा आणि मधे नीट जेवा, भात, पोळी, बटाटा काहीही चालेल पण कार्ब्स हवेतच, शिवाय प्रोटीन. उपाशीपोटी दुसरं सेशन करू नका. आणि एवढा वेळच नसेल, सगळं एका तासात उरकायचं असेल, तर पाच-दहा मिनिटं हलकं जॉगिंग, मग वेट्स, मग वीस-तीस मिनिटं अशा वेगाने पळा की बोलताना वाक्य तुटत नाही. छाती-खांदे-पाठ असा दिवस असेल तर एवढा विचारही करू नका, खुशाल पळा.

रनर्सना एक वेगळं सांगायचंय. तुम्ही हलके डंबेल घेऊन वीस-वीस रेप्स मारत बसता, म्हणजे एका दमात वीस वेळा उचलता, कारण जड उचललं की शरीर भरेल असं वाटतं. २००८ चा एक अभ्यास आहे, चांगल्या तयारीच्या रनर्सनी ८ आठवडे, आठवड्यातून ३ वेळा, जड हाफ स्क्वॉट केले, ४ सेट आणि प्रत्येकात फक्त ४ रेप्स. त्यांच्या शरीराचं वजन वाढलं नाही आणि त्याच वेगाला लागणारा ऑक्सिजन मात्र साधारण ५ टक्क्यांनी कमी झाला. पळण्यात ५ टक्के म्हणजे किती मोठी गोष्ट आहे! त्यामुळे फॉर्म पक्का झाला की कमी रेप्स आणि जड वजन, घाबरू नका.

सुरुवात करणाऱ्यांनी आठवड्यात असे दोनच दिवस ठेवावेत. वॉर्मअपचं वजनसुद्धा जड वाटायला लागलं, झोप तुटायला लागली, सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा जोरात असेल तर एक सेशन सरळ सोडा. मांडी सगळी भरून आली असेल तर ठीक आहे, पण दुखणं एका जागी बोट ठेवून दाखवता येतंय आणि पळताना वाढतंय, विशेषतः नडगीवर, तर पळणं थांबवून डॉक्टरला दाखवा. आणि रेसच्या आधीचा आठवडा-दहा दिवस जड लेग डे बंद, तेव्हा वाटलं तर वरच्या अंगाचं हलकं करा.