गणपत गल्लीच्या तोंडाशी

गर्दीत जीव घाबरा होण्याच्या माझ्या त्रासावर बेळगावच्या टिळकवाडीतील एका मानसतज्ज्ञ मॅडमकडे उपचार चालू होते, आणि त्यांच्या खोलीत मला सगळे जमू लागले होते. जिना भराभर चढून मुद्दाम छाती धडधडू द्यायची, त्या धडधडीला हृदयविकार न समजता शरीराची धावपळ समजायचे आणि ‘आता मी पडणार’ हा विचार कागदावर लिहून तपासायचा, हे मी सहा बैठकांत शिकले. तरीही सातव्या आठवड्यात खरेदीला निघालेली मी गणपत गल्लीच्या तोंडावरूनच रिक्षा करून वडगावला परतले. दोन वर्षांपूर्वी खानापूरच्या बसमध्ये पहिल्यांदा जीव घाबरा झाला, तेव्हापासून गर्दी दिसली की माझे पाय असेच मागे फिरत. ईसीजीत काही दोष नव्हता.

मॅडमना हे सांगताना मला रडू आले. खोलीत ओसरलेली भीती बाजारातही आपोआप ओसरेल असे नसते, जिथे ती जडली तिथेच मनाला नवा अनुभव द्यावा लागतो, असे त्यांनी समजावले आणि पुढच्या बैठका बाहेर घ्यायचे ठरवले.

त्याआधीची एक बैठक पूर्ण तयारीत गेली. शून्य म्हणजे निवांत आणि शंभर म्हणजे असह्य, ही जोसेफ वोल्पे या मनोविकारतज्ज्ञांनी रूढ केलेली मोजपट्टी घेऊन आम्ही ठिकाणे मांडली: दुपारचे किराणा दुकान ३०, बँकेची रांग ४५, गणपत गल्ली ६०, खानापूरची बस ९०. दुसरा प्रश्न ओळखीच्या माणसांचा होता, आणि बेळगावात तो लहान नाही, कारण बाजारात नात्यातले किंवा शेजारचे कोणीतरी भेटतेच. तसे झाल्यास मॅडमनी ओळख न दाखवता पुढे जायचे आणि मी वाटेल तेवढेच सांगायचे, असे ठरले. माझा आजार कोणाला कळावा हे माझ्या हाती राहिले, म्हणूनच मी बाहेर पडू शकले.

किराणा दुकान आणि बँक फारशा त्रासाविना पार पडली. गणपत गल्लीत मात्र आम्ही शनिवारी संध्याकाळी, ऐन गर्दीत शिरलो. एरवी सोबत असणारी पाण्याची बाटली आणि जाऊबाईंचा हात, दोन्ही घरी ठेवले होते. वहीत माझा अंदाज लिहिला होता: ‘दहा मिनिटांत चक्कर येऊन पडेन.’ फुलवालीच्या टोपलीपाशी छाती धडधडू लागली, आकडा ७५ वर गेला, आणि मी योगवर्गात शिकलेले दीर्घ श्वास मोजू लागले.

“हा श्वास कशासाठी घेताय?” मॅडमनी हळूच विचारले.

“पडू नये म्हणून.”

“मग आज तो राहू द्या. नाहीतर श्वासामुळेच वाचले, असे तुमचे मन धरून बसेल.”

त्या क्षणी मला त्यांचा राग आला. बुडणाऱ्याच्या हातातली फळी काढून घ्यावी तसे वाटले. पण मी श्वास मोजणे सोडले आणि धक्के खात तिथेच उभी राहिले. वीस मिनिटांनी आकडा ५० वर आला. मी पडले नव्हते. तरी मॅडमना त्या उतरत्या आकड्याचे तितके महत्त्व वाटले नाही. ७५ वर असतानाच मी गजरा घेतला, पैसे दिले आणि सुटे मोजून परत घेतले, हे त्यांनी वहीत लिहायला लावले. भीती जाण्याची वाट न पाहता काम करता येते, हे मला त्या गजऱ्याने पटवले.

बस कठीण गेली. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला, आणि गाड्यांत आमची गर्दी वाढली. त्यात फलक कन्नडमध्ये, आणि माझी वाचण्याची गती मंद. “खानापूर बस एल्ली निल्लुत्तदे?” (खानापूरची बस कुठे थांबते?) असे अनोळखी माणसाला विचारणे हाही सरावाचाच भाग ठरला, कारण आपले कन्नड चुकेल या संकोचाने मी नेहमी कोणाला तरी सोबत नेत असे. पहिल्या फेरीत मॅडम मागच्या बाकावर होत्या. दुसऱ्या फेरीत मी एकटीच चढले आणि वाटेतच पिरनवाडीला उतरून गेले. त्या रात्री सगळे फुकट गेल्यासारखे वाटले. मॅडमनी फोनवर एवढेच विचारले की पुन्हा कधी जाणार, आणि मी गुरुवार सांगितला.

गुरुवारी पिरनवाडीला आकडा ८५ होता, मच्छेपाशीही तोच. मी खानापूरपर्यंत गेले. कंडक्टरने दिलेले शून्य रुपयांचे तिकीट वहीत चिकटवले आहे. पुढच्या आठवड्यात हीच बस सकाळी, कॉलेजच्या मुलांच्या गर्दीत, उभ्याने करायची आहे.