तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी नाही, तर ती माणसं तिथं राहतात कशाला?

केनियातल्या किटुईत मी नोकरीनिमित्त काही वर्षं काढली, हे कळलं की प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीत असो, नाहीतर फोनवर. "तिकडं म्हणे पाणीच नाही. मग ती माणसं गाव सोडून जात का नाहीत?" विचारणाऱ्यांत आमच्या आटपाडीकडचीही असतात, आणि मला नवल त्याचंच वाटतं. माणगंगेच्या कोरड्या पात्रात झिरे काढून घागरी भरणाऱ्या बायकांच्या नाती हे विचारतात!

तर आधी पाण्याचं सांगते. पाणी आहे, वरून दिसत नाही इतकंच.

किटुई नैरोबीच्या पूर्वेला, दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर. कांबा लोकांचा हा मुलूख. २०१९च्या जनगणनेत इथली वस्ती साडेअकरा लाखांच्या आतबाहेर भरली. पाऊस वर्षातून दोनदा येतो, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. कांबा शेतकऱ्याची भिस्त दुसऱ्या पावसावर. पहिल्याचा भरवसा तो स्वतःही देत नाही. टाना आणि अथी या बारमाही नद्या जिल्ह्याच्या कडेकडेनं निघून जातात. मधल्या साऱ्या नद्या म्हणजे वाळूचे पट्टे. वर जोराचा पाऊस झाला की तांबडा लोंढा येतो, बघता बघता ओसरतो, आणि मागं पुन्हा वाळू. रस्त्यावरून जाणारा म्हणतो, नदी आटली. गावातली बाई म्हणते, नदी भरली.

तिचं खरं असतं. माझ्या शेजारणीबरोबर मी पहाटे नदीवर जायची. तिचा झिरा ठरलेला होता, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, गुरांनी तोंड घालू नये म्हणून. गुरांचा झिरा वेगळा, खालच्या अंगाला. ती कुंपणाची एक फांदी ओढून आत शिरायची, कंबरेपर्यंत खड्ड्यात उतरायची आणि रात्रीतून साचलेलं पाणी आधी उपसून बाहेर टाकायची. मग थांबायची. वाळूच्या बाजूंतून पाणी पाझरत यायचं, अगदी सावकाश, आणि निवळ व्हायचं. मग अर्ध्या कापलेल्या प्लास्टिकच्या डब्यानं वीस लिटरचा पिवळा कॅन भरायचा. तो कधीकाळी खाद्यतेलाचा कॅन होता. तिकडच्या घराघरात तोच असतो. कॅनला पट्टा, पट्टा टाळूवरून घेतलेला, ओझं पाठीवर, मान पुढं वाकलेली. म्हाताऱ्या बायकांच्या टाळूवर त्या पट्ट्याची खोबण पडलेली मी पाहिली आहे. उन्हाळा चढला की झिरा खोल जातो आणि रांग वाढते. मग रात्रीच निघायचं.

याच वाळूवर तिथल्या लोकांनी फार हुशारीचं काम केलं आहे. नदीच्या तळात खडक लागतो तिथं आडवी दगडी भिंत घालायची. पुरासोबत येणारी जाड वाळू भिंतीमागं बसते, हलका गाळ वरून वाहून जातो. काही पावसाळ्यांत भिंत काठोकाठ वाळूनं भरते, आणि त्या वाळूच्या पोकळ्यांत तिच्या घनफळाच्या चौथ्या हिश्शापर्यंत, कधी त्याहून जास्त, पाणी राहतं. ऊन वरच्या दोन-अडीच फुटांपलीकडं पोचत नाही, त्यामुळं वाफ होत नाही, डास होत नाहीत आणि पाणी गाळूनच मिळतं. किटुई आणि शेजारच्या मचाकोस, माकुएनी या जिल्ह्यांत असे शेकडो बंधारे आहेत. सिमेंट मदत करणाऱ्या एखाद्या संस्थेचं, अंगमेहनत गावाची. म्वेथ्या म्हणून तिथली जुनी रीत आहे, गटानं जमून एकमेकांची कामं करायची. दगड गोळा करणाऱ्यांत आणि सिमेंट कालवायला पाणी वाहणाऱ्यांत बायाच जास्त असतात. बंधाऱ्याच्या फोटोत मात्र पुढं उभे असतात साहेब लोक.

म्हणून मला "दुष्काळी मुलूख" एवढ्यावर समाधान होत नाही. दुष्काळ सगळ्यांना सारखा नसतोच. आमच्या वस्तीत एका घरावर नवे पत्रे, पन्हाळी आणि खाली काळी प्लास्टिकची टाकी. मुलगा नैरोबीत पगारावर, मोबाइलवरून दर महिन्याला पैसे येणार. डिसेंबरात ती टाकी भरली की घरच्या बायकांना पुढचे बरेच दिवस नदी नाही. शेजारचं घर गवताचं. गवतावरून पन्हाळ लागत नाही, त्यामुळं पाऊस तोच, तेवढाच, आणि त्यातला थेंबही घरात नाही. मधली घरं गाढववाल्यांची. गाढव असलं तर एका खेपेत चार कॅन येतात, दोन घरी ठेवून दोन विकता येतात. ज्यांच्याकडं काहीच नाही ते तेच पाणी विकत घेतात, आणि टंचाईत त्याचा भाव चढतो. सगळ्यात गरीब माणूस पाण्याला सगळ्यात जास्त पैसे मोजतो, हे मी आपल्याकडं टँकरच्या दिवसांत पाहिलेलंच होतं.

आणि मग वाळूचे ट्रक. नैरोबी वाढतंय, मजल्यावर मजले चढतायत, त्यांना वाळू लागते. ती येते कांबांच्या नद्यांतून. ट्रक पात्रात उतरतात, गावातली पोरं फावड्यानं भरून देतात, रोजची मजुरी हातात पडते, आणि शहरात पोचेपर्यंत त्याच वाळूचा भाव कितीतरी पटींनी वाढलेला असतो. वाळू गेली की पाणी धरून ठेवणारी जागाच गेली. पात्र खडकापर्यंत खरवडलं की पुराचं पाणी थांबतच नाही, काठ ढासळतात, वरच्या बंधाऱ्याचा पाया उघडा पडतो. यावरून मारामाऱ्या झाल्या, जीवही गेले. माकुएनीनं २०१५ मध्ये कायदा करून वाळूसाठी वेगळं प्राधिकरण नेमलं. किटुईनं २०१८ मध्ये वाळू आणि कोळसा जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली. बंदीनंतर ट्रक रात्री दिसायला लागले, असं शेजारीण म्हणायची. ट्रक भरणाऱ्या पोरांवर मला फार रागावता आलं नाही. शाळेची फी भरायची तर त्या गावात रोकड मिळायची दुसरी जागा कोणती होती?

टाना नदीवर १९८१ मध्ये मसिंगाचं मोठं धरण झालं. त्याच्या आणि खालच्या धरणांच्या विजेच्या तारा गावांच्या डोक्यावरून शहराकडं गेल्या आणि खाली रॉकेलचे दिवे तसेच राहिले, हेही तिथल्या जुन्या माणसांकडून ऐकायला मिळतं. कोयनाकाठच्या माणसांना यात नवीन काही वाटणार नाही.

निसर्गाचं विचाराल, तर तो भाग उजाड नाही. गोरखचिंचेचे प्रचंड बुंधे, धनेशांच्या जोड्या, ओंडक्याच्या पोकळ पेट्या झाडांना टांगून केलेलं मधमाशीपालन. दोन पाऊस पडले की आठवड्यात सगळा माळ हिरवा. पण या निसर्गाचाही हिशेब सारखा नाही. दक्षिणेला त्सावोचं राष्ट्रीय उद्यान लागून आहे. पर्यटक हत्ती बघायला पैसे मोजतात, तेच हत्ती कोरड्या दिवसांत पाण्याच्या वासानं गावात येतात, टाक्या फोडतात, शेत तुडवतात. तिथला शेतकरी हत्तीबद्दल जे बोलतो ते माहितीपत्रकात छापत नाहीत.

आता "सोडून का जात नाहीत" याचं. पहिलं म्हणजे ती माणसं तिथं अडकवली गेली. इंग्रजांच्या राज्यात आसपासच्या चांगल्या जमिनी गोऱ्या मळेवाल्यांकडं गेल्या आणि कांबांना राखीव हद्दीत दाटीनं बसवलं. मग सरकारच म्हणायला लागलं की तुमची गुरं फार झाली, माती धुपते. १९३८ मध्ये मचाकोसकडं गुरं जबरदस्तीनं विकायला लावली. अथी रिव्हर नावाच्या गावी मांसाचा कारखाना नुकताच निघाला होता, त्याला स्वस्त गुरं हवीच होती. मुइंडी म्बिंगू नावाच्या माणसामागं हजारो कांबा बायकापोरांसह नैरोबीला चालत गेले आणि गव्हर्नर भेटायला तयार होईपर्यंत तिथंच ठाण मांडून बसले. म्बिंगूला पकडून दूर लामूला धाडलं, पण सक्तीची विक्री सरकारला मागं घ्यावी लागली. ज्या मुलखासाठी असं भांडलेलं असतं तो पाऊस चुकला म्हणून सोडवत नाही.

आणि दुसरं म्हणजे, जातात की! घरटी एखादा तरी नैरोबीत नाहीतर मोंबासात आहे. कुणी पहारेकरी, कुणी गवंडी, कुणी मोलकरीण. २०२० च्या अखेरीपासून लागोपाठ पाच हंगामांचे पाऊस चुकले तेव्हा तर पैसे येत होते म्हणून चुली पेटल्या. डिसेंबरात नाताळाला भरभरून बस गावी येतात, शेतात खुरपणीला हात मिळतात. माणदेशातला गलाईवाला जसा तमिळनाडूत सोनं गाळतो आणि घर आटपाडीला बांधतो, तसंच. त्याला कुणी विचारत नाही, गाव का सोडत नाहीस म्हणून.

शेतात काय, तर मूग, चवळी आणि तूर. ओल्या तुरीच्या शेंगा सोलत मी आणि शेजारीण तिच्या ओट्यावर बसायचो. एकदा तिनं विचारलं, तुमच्याकडं नदीतली वाळू नेतात का? मी म्हटलं, नेतात, रात्री डंपर लावून नेतात. बंदी आहे का? आहे. भरणारी पोरं कुठली? गावातलीच. आणि मजुरी? मी आकडा सांगितला. तिनं तो शिलिंगात करून मागितला, हाताची शेंग खाली ठेवली आणि आपल्या धाकट्याला तुमच्याकडं पाठवता येईल का म्हणून विचारलं.