लेट्रोझोलनंतर: माझ्या अंगाला सोसेल असं काही शोधताना

उपचार संपून चौदा महिने झाले होते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, मग बारा आठवडे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाचं सलाइन, मग रेडिएशन, आणि आता रोज नाश्त्यानंतर लेट्रोझोलची एक गोळी, पाच वर्षं. भेटणारा प्रत्येक जण म्हणायचा, "सुटलीस बाई." सुटलेच होते. पण त्या चौदा महिन्यांत आम्ही नवरा-बायको म्हणून दोनदाच जवळ आलो होतो, आणि दोन्ही वेळा मला आत ब्लेड फिरल्यासारखं झालं. दुसऱ्या वेळी थोडं रक्तही आलं. ह्यांनी उठून दिवा लावला, मला पाणी आणून दिलं, आणि त्यानंतर ते माझ्या अंगाला हात लावायलाही घाबरायला लागले. झोपेत चुकून पाय लागला तरी दचकून मागे घ्यायचे. त्या रक्तापेक्षा मला हे जास्त लागलं.

मी ५३ वर्षांची, नाशिकला राहते. मुलगी बाहेरगावी शिकते, सासूबाई आमच्याकडेच असतात. आमच्या घरात या गोष्टी बोलायची पद्धत नाही. तरी सगळं लिहितेय, कारण माझ्यासारख्या औषधांवर असलेल्या किती जणी हे मुकाट्याने सोसत असतील याची आता मला कल्पना आहे.

तपासणीला गेले की कॅन्सरचे डॉक्टर विचारायचे, "बाकी काही त्रास?" मी तीन वेळा "नाही" म्हणून आले. शेवटी रक्त आल्याचं कारण धरून स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं तर ते तपासायलाच लागतं, मग ते कशामुळेही असो. त्यांनी सोनोग्राफी केली, पॅप म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी केली, सगळं व्यवस्थित निघालं. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन असतं तोवर योनिमार्गाचं आतलं अस्तर जाड, ओलसर आणि ताणलं जाणारं असतं, तिथले चांगले जिवाणू आम्लता राखतात. पाळी गेल्यावर ते इस्ट्रोजेन कमी होतंच. शरीरातली चरबी जे थोडंफार बनवते, तेही लेट्रोझोल थांबवतं. कॅन्सर परत येऊ नये म्हणून ते थांबवायचंच असतं, पण त्याची किंमत खालच्या नाजूक कातडीला मोजावी लागते. ती पातळ होते, कोरडी पडते, थोड्याशा घासण्याने फाटते.

मी विचारलं, काही क्रीम नाही का? त्या म्हणाल्या, "इस्ट्रोजेनचं क्रीम असतं. पण तुमची गाठ हार्मोन-पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारी होती, त्यामुळे तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना, कॅन्सरच्या डॉक्टरांना, विचारल्याशिवाय मी ते लिहून देणार नाही." ऑन्कॉलॉजिस्टनी आधी बिनहार्मोनचे उपाय करून बघू म्हणून सांगितलं. मला हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं मॉइश्चरायझर मिळालं, आठवड्यातून तीनदा रात्री लावायला. आणि एका पेल्व्हिक, म्हणजे ओटीपोटाखालच्या स्नायूंच्या, फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. अशी फिजिओथेरपी असते हेच मला माहीत नव्हतं.

त्या बाईंनी पहिल्या दिवशी अंगाला हातही लावला नाही. नुसतं बोलल्या. दुसऱ्या वेळी एका बोटाने तपासलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमची कातडी कोरडी आहे हे अर्धंच झालं. दुखणार या भीतीने स्नायू आधीच आवळून बसताहेत." तोवर मी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून रोज केगल, म्हणजे खालचे स्नायू आवळायचे व्यायाम, करत होते, शंभर-शंभर वेळा. त्यांनी ते ताबडतोब बंद करायला लावलं. आवळलेल्या स्नायूला अजून आवळायला शिकवत होते मी. त्याऐवजी पोटात श्वास भरायचा, खालचा भाग सैल सोडायचा, आणि जबडाही सैल. दात आवळले की खालचे स्नायूही आवळतात. हे मी स्वतःवर इतक्यांदा अनुभवलंय की आता बसमध्येसुद्धा जबडा सैल सोडते.

मग त्यांनी डायलेटरचं नाव काढलं. लहानापासून मोठ्यापर्यंत गुळगुळीत कांड्यांचा संच, एकेक करून शरीराला सवय करायची. आणि त्याच दमात म्हणाल्या, "छोटा व्हायब्रेटरही घ्या. बाहेरून वापरायला. तिथला रक्तपुरवठा वाढतो, आणि शरीराला तिथे दुखण्याखेरीज दुसरंही काही वाटू शकतं हे परत कळतं." मी खाली बघत राहिले. त्यांनी मात्र गुडघ्याच्या पट्ट्याबद्दल सांगावं तसं सांगितलं होतं.

घरी येऊन मी घाईत पहिली चूक केली. मोबाइलवर स्वस्तातलं, गुलाबी, मऊ दिसणारं एक मागवलं. डबा उघडला आणि नव्या रेनकोटचा वास खोलीभर पसरला. हाताला ते किंचित तेलकट, चिकट लागत होतं. सोबत फुकट आलेलं 'उबदार' जेल लावून मी ते बाहेरूनच एकदा टेकवलं. पाच मिनिटांत आग सुरू झाली. दोन दिवस लघवीला जाताना डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, माझ्याच अंगात आता काही राहिलं नाही.

फिजिओबाईंनी ते नुसतं हुंगलं आणि बाजूला ठेवलं. तो वास प्लास्टिक मऊ करायला घातलेल्या रसायनांचा. असल्या जेलीसारख्या रबराला सूक्ष्म छिद्रं असतात, कितीही धुतलं तरी आत घाण राहते. अशा वस्तू आपल्याकडे बहुतेक 'मसाजर' म्हणून विकल्या जातात. त्यामुळे डब्यावर पाठ, मान, खांदे यांची चित्रं असतात आणि ती कशापासून बनवली, कुठल्या नाजूक जागी चालेल, यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

ह्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "हे कायद्यात बसतं का?" त्यांनीच मग शोधून काढलं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे कस्टम्सने अडवलेल्या बॉडी मसाजरचं प्रकरण आलं होतं. त्यांचा लैंगिक वापर होऊ शकतो म्हणून १९६४ च्या एका अधिसूचनेखाली ते अडवले होते, आणि न्यायालयाने ती बाजू मान्य केली नाही. ते वाचून ह्यांच्या मनातली भीती गेली. त्या रात्री ते म्हणाले, "मग नीट बघून घेऊ." 'घेऊ' म्हणाले, 'घे' नाही. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की या दुखण्यात मी एकटी नाही.

मग आम्ही खरंच साडी घेताना पोत बघतात तसं सगळं बघत बसलो. माल कशाचा, हे पहिलं. मेडिकल ग्रेड सिलिकॉन हवं. त्याला वास नसतो, छिद्रं नसतात, मोटर नसलेलं असेल तर पाण्यात उकळून घेता येतं. काचेचे आणि स्टीलचेही असतात. बोरोसिलिकेट काच आणि स्टील स्वच्छ राहायला सगळ्यात सोपं, कोमट पाण्यात ठेवलं तर ऊबही धरतं. पण मला ते जमणार नव्हतं. ऑपरेशनमध्ये उजव्या काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्या हाताला सूज येते, वजन धरलं की दंड जड होतो. आणि पॅक्लिटॅक्सेलने दोन्ही हातांची बोटं अजून बधिर आहेत. ब्लाउजचे हुक ह्यांना लावावे लागतात. मग मिटल्या डोळ्यांनी दाबायची ती इवलीशी बटणं मला कशी सापडणार?

म्हणून आमची अट ठरली: हलकं हवं, मूठ आवळावी लागू नये, आणि बटण मोठं, वर आलेलं, एकच. आठ-दहा प्रकारांतून शेवटी तळहातात नदीतल्या गोट्यासारखं बसणारं एक निवडलं. धरायचं नाही, नुसता हात त्यावर ठेवायचा. आत जाणारं नाही, बाहेरून टेकवायचं.

थरथर कशी आहे हेही बघावं लागतं, आणि ते कुठे लिहिलेलं नसतं. काहींची थरथर वरवरची, डासासारखी भुणभुणणारी असते. ती नाजूक कातडीला आधी झोंबते आणि मग बधिर करते. मला हवी होती ती खोल, घुमणारी, तंबोऱ्याला हात लावल्यावर लागते तशी. फिजिओबाईंनी युक्ती सांगितली: नाकाच्या शेंड्याला लावून बघा. माझी बोटं तर काही सांगत नाहीत, पण नाक लगेच सांगतं. शिंक आली, खाज सुटली, तर ते नको. सगळ्यात कमी वेग खरोखर कमी आहे ना, हेही तिथेच कळतं. स्वस्तातल्यांत 'कमी' म्हणजेच पुष्कळ असतो.

आवाजाचाही विचार केला. मधली भिंत पातळ, पलीकडे सासूबाई. आल्यावर आधी उशीखाली चालू करून ह्यांना बाहेरच्या खोलीत उभं केलं. पंखा एकवर असला तर काही ऐकू येत नव्हतं.

जेलचं प्रकरण मात्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आग लावण्यात त्या वस्तूइतकाच हात जेलचाही असतो. पाण्यावर आधारलेलं जेल घ्यायचं, पण त्यातही बघून. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल भरपूर असलेलं जेल कातडीतलंच पाणी ओढून घेतं. मिठात घातलेल्या काकडीला पाणी सुटतं ना, तसंच. याचं मोजमाप असतं, त्याला ऑस्मोलॅलिटी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने ती १२०० mOsm/kg च्या वर नसावी आणि शक्यतो ३८० पर्यंत असावी असं सुचवलंय. आम्लताही योनीच्या जवळपास, साधारण ३.८ ते ४.५ पीएच, असावी. सुगंध नको, चव नको, 'उबदार' आणि 'थंडगार' तर मुळीच नको. सिलिकॉनच्या वस्तूला सिलिकॉनचं जेल लावायचं नाही, पृष्ठभाग खराब होतो. खोबरेल तेल मला सोसतं, पण लॅटेक्सचा कंडोम वापरत असाल तर तेलाने तो फाटतो. कुठलंही नवं जेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून मी एक दिवस थांबते. दोन जेल तिथेच नापास झाली.

डायलेटरचा संचही सिलिकॉनचाच घेतला. सगळ्यात लहान करंगळीएवढा. पहिल्यांदा स्वयंपाकघरात सगळे झोपल्यावर वेगळ्या पातेल्यात उकळत ठेवले आणि ओट्याशी पहारा देत उभी राहिले. पातेल्यात ते पाच गुळगुळीत तुकडे एकमेकांवर टकटक करत होते आणि मला रडू आलं. भीतीने नव्हे. कुणीतरी असल्या दुखण्याचा विचार करून, कडा गोल करून, एवढं लहानसं काही बनवलंय, याचं.

दिनक्रम साधा होता. कोमट पाण्याची आंघोळ, उशी गुडघ्यांखाली, भरपूर जेल. आधी तो गोटा, कपड्यावरूनच, मांडीवर, पोटावर, मग खाली. अंग सैल झालं असं वाटलं की लहान डायलेटर नुसता दाराशी टेकवायचा आणि श्वास सोडायचा. ढकलायचं नाही. दहा मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. पहिल्या बारा-तेरा खेपांना तो आत गेलाच नाही, आणि बाईंनी सांगितलं होतं की तेही चालतं. दुखलं की थांबायचं, काढायचं, उद्या बघायचं. मला हे शिकायला सगळ्यात वेळ लागला. बाळंतपण, पाळी, केमो, सगळ्यात 'थोडं सोस' हेच ऐकत आले होते मी, आणि सोसण्यात मला अभिमानही होता. इथे सोसलं की दुसऱ्या दिवशी स्नायू दुप्पट आवळलेले असायचे.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी तो श्वासाबरोबर आपणच आत सरकला. मी छताकडे बघत तशीच पडून राहिले, हलायचीही भीती वाटत होती. दुखत नव्हतं. नुसतं कळत होतं की काहीतरी आहे. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर त्यांनी गॅस बंद करून, हात पुसून, काही न बोलता माझं डोकं छातीशी धरलं.

त्यानंतर काही महिन्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी परत तपासलं. मी आधीच सांगितलं, स्पेक्युलम, ते आत तपासायचं साधन, लहान घ्या, जेल लावा, मी श्वास सोडला की मगच. त्यांनी तसंच केलं. आतल्या कातडीचा रंग सुधारलाय म्हणाल्या.

आम्ही आता जवळ येतो. कधी तो गोटा ह्यांच्या हातात असतो, कधी माझ्या. आत येणं दर वेळी होतंच असं नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही. बधिर बोटांनीसुद्धा ते मोठं बटण मला अंधारात सापडतं. डबा कपाटात लग्नातल्या शालूखाली, सुती पिशवीत असतो. त्या संचातले तीन आकार मी वापरले. चौथा आणि पाचवा उकळून ठेवले तेवढेच, अजून वापरले नाहीत. बाईंनी विचारलं, पुढे जायचंय का? मी नाही म्हटलं, आणि त्यांनी वहीत तसं लिहून घेतलं.