मिश्रीच्या डबीतल्या सहा गोळ्या

ठाणे पूर्वेला, कोपरीतल्या एका चाळीत मी गृहभेटीसाठी पोहोचले, तेव्हा मालिशवाल्या मावशी कोमट तिळाच्या तेलाची वाटी घेऊन आजींच्या पायांशी बसल्या होत्या. आजींचा स्तनाचा कर्करोग मणक्यांत आणि डाव्या मांडीच्या हाडात पसरला होता. अशा पोखरलेल्या हाडावर जोर पडला तर ते मोडू शकते, म्हणून मी दारातूनच त्यांना थांबवले. सूनबाई ओशाळल्या. "सिस्टर, रात्रभर कण्हत होत्या हो. बघवेना, म्हणून बोलावलं."

दर चार तासांनी 10 मिलिग्रॅम मॉर्फिन चालू असताना रात्रभर कण्हणे मला खटकले. दहापैकी किती दुखते, असे विचारल्यावर आजींनी आठ बोटे दाखवली आणि नकळत उशी सावरली. उशीखाली मिश्रीची डबी होती. तिच्यात कालपासूनच्या 6 गोळ्या.

"नशेच्या आहेत म्हणे," त्या हळूच म्हणाल्या. "मला शुद्धीत जायचंय."

वेदनेच्या मापाने दिलेले मॉर्फिन शुद्ध हरपवत नाही, सुरुवातीची गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते, हे मी समजावले. डॉक्टरांना फोन करून त्यांच्या सल्ल्याने एक गोळी दिली. तिचा गुण यायला अर्धा तास तरी लागतो, आणि आठ बोटांच्या दुखण्यात तो फार लांबतो. मी मावशींनाच पुन्हा बसवले. मांडी आणि पाठ वर्ज्य. काखेतल्या गाठी काढल्यापासून सुजलेला डावा हातही नको. एखादी पोटरी सुजलेली किंवा गरम असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटण्याचा धोका असतो, म्हणून दोन्ही पोटऱ्या आधी तपासल्या. मग उजवा तळहात आणि तळवे, फुलाला हात लावावा तितक्याच दाबाने. मालिशने गाठ विरघळते असे सांगणाऱ्यांशी माझे कधीच पटले नाही. पण मावशींचा अंगठा आजींच्या तळहातावर गोल फिरू लागला, तसा कपाळावरचा आवळलेला पीळ सुटताना मी पाहिला.

चाळीस मिनिटांनी बोटे चारवर आली. त्यात गोळीचे किती आणि हाताचे किती, हे मला सांगता येणार नाही. मॉर्फिनने मलावरोध होतोच, म्हणून पोट साफ होण्याचे औषध चुकवू नका, असे सूनबाईंना बजावून मी वहीत गोळीची वेळ लिहिली.

"माझीपण लिवा की," मावशी तेलाचे हात पुसत म्हणाल्या. मी तीही लिहिली.