स्कल्पिन गळाला लागला तर

उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावर तळाशी आमिष सोडलं, की कॉड माशाची वाट बघता बघता बऱ्याचदा वर येतो शॉर्टहॉर्न स्कल्पिन. अर्धा मासा म्हणजे नुसतं डोकं, मागे निमुळतं होत गेलेलं अंग आणि गालांवर काटे. शास्त्रीय नाव मायोक्सोसेफॅलस स्कॉर्पियस. त्या नावातल्या 'स्कॉर्पियस'ने, म्हणजे विंचवाने, या माशाचं फार नुकसान केलंय. काटे विषारी समजून लोक त्याला बुटाखाली दाबतात आणि गळ ओढून काढतात. स्कल्पिनच्या काट्यांत विष नसतं. काटा टोचतो, जखमेत बुळबुळीत घाण जाते, म्हणून ती साबणाने नीट धुवायची, एवढंच.

ओळख मात्र आधी पक्की हवी. युरोपच्या किनाऱ्यावर वाळूत दडणारा वीव्हर खरोखर विषारी असतो. तो अंगाने चपटा व सडपातळ, आणि त्याचा पाठीवरचा पहिला आखूड पर काळा. पाठीवर असा काळा झेंडा दिसला तर हात लावू नका.

स्कल्पिनचाच एक छोटा भाऊबंद, लाँगस्पाइन्ड सी स्कॉर्पियन, त्याच खडकांत राहतो. रंगावरून दोघांत फरक करायला जाऊ नका, रंग जागेप्रमाणे बदलतो. मासा उलटा करून गळ्याखाली बघा. कल्ल्यांच्या पडद्याची सलग घडी गळ्यावरून आडवी गेलेली असेल आणि तिच्याखाली काडी आरपार सरकत असेल, तर तो शॉर्टहॉर्न. पडदे गळ्यालाच चिकटलेले आणि जबड्याच्या कोपऱ्यात बारीकशी पांढरी मिशी असेल, तर दुसरा.

आता धरायचं कसं. घाबरला की तो कल्ल्यांची झाकणं फुगवतो आणि काटे बाहेर उभे राहतात, म्हणून डोकं मुठीत आवळायचं नाही. ओलं फडकं घ्या आणि छातीच्या रुंद परांच्या मागे, पोटाखालून आधार देऊन धरा. हातात बारीक थरथर जाणवेल. तो त्याचा गुरगुराट, घाबरण्याचं कारण नाही. हातजाळी रबरी घ्या. गाठींच्या दोऱ्याच्या जाळीत काटे असे अडकतात की सोडवताना परच फाटतात.

त्रास होतो तो गळाचा. तोंड एवढं मोठं की आमिष थेट पोटात जातं. लांब दांड्याचा गळ आणि पहिल्या झटक्यालाच ओढणं, हे दोन्ही केलं तर गळ बहुतेक ओठात राहतो. तरी खोल गेलाच, तर पक्कड घालून उकरत बसू नका, दोरी गळालगत कापा.

मग लगेच पाण्यात. थंडीत हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच चुकतो. समुद्राचं पाणी गोठतं सुमारे उणे 1.9 अंश सेल्सिअसला. बहुतेक हाडांच्या माशांचं रक्त मात्र उणे 0.7 च्या आसपासच गोठू शकतं. स्कल्पिनच्या रक्तात हिवाळ्यात खास प्रथिनं वाढतात. ती बर्फाच्या सूक्ष्म स्फटिकाला चिकटतात आणि त्याला मोठं होऊ देत नाहीत. पण हे कवच समुद्राच्या थंडीपुरतंच. उणे 10 च्या हवेत धक्क्यावर टाकून ठेवलेल्या माशाचे कल्ले गोठतात, तिथे ही प्रथिनं काही करू शकत नाहीत. 'बर्फातलाच मासा आहे, राहील की' हे म्हणणं साफ चूक.

सोडलेला स्कल्पिन जगण्याची शक्यता चांगली असते, कारण त्याला वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, नाही. खोलातून ओढलेल्या कॉडसारखं त्याचं पोट फुगत नाही. पाण्यात ठेवला की तो सरळ तळाला जातो. फक्त पकडला तिथेच सोडा.

जागेचा हा आग्रह हिवाळ्यात तर धराच, कारण साधारण डिसेंबर ते मार्च हा त्याचा अंडी घालण्याचा काळ. मादी खडकाच्या कपारीत चिकट अंड्यांचा गोळा लावून निघून जाते आणि राखण करतो तो नर. त्या दिवसांत त्याचं पोट तांबूस होतं, त्यावर पांढरे गोल ठिपके उठतात. पाणी जितकं गार, तितकी अंडी उबायला उशीर. कित्येक आठवडे तो तिथून हलत नाही. तांबड्या पोटाचा ठिपकेदार मासा गळाला आला, तर फोटोसाठी थांबू नका. खाली अंडी उघडी पडलेली असू शकतात, आणि खेकड्यांना ती सापडायला वेळ लागत नाही.