दंडाचा घेर

धारणी तालुका, 14 जुलै, रात्री

परतवाड्याहून सेमाडोह आणि हरिसालमार्गे मेळघाटात येऊन आज पाच दिवस झाले. रोज या वहीत बाळांची वजने लिहिली. आज माझ्या स्वतःच्या वागण्याविषयी लिहिणे भाग आहे.

सकाळी एका घराच्या ओसरीवर सात-आठ बायका पाऊस उघडण्याची वाट पाहत बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीच्या दहा महिन्यांच्या बाळाच्या दंडाला मी घेर मोजायची रंगीत पट्टी लावली. घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की बाळ अतितीव्र कुपोषित समजायचे, आणि पट्टीचा लाल भाग तिथेच संपतो. याचा भरला 11.2. मी तिथल्या तिथे सहकाऱ्याला ओरडून सांगितले, "हे लालमध्ये आहे, लिहून घे." तेवढ्यात झबले वर सरकले आणि पोटावरचे चटक्यांचे डाग दिसले. माझ्या तोंडून निघून गेले, "कोणी केलं हे?" आईने बाळ पदराखाली घेतले आणि ती आत निघून गेली. आमच्यासाठी चुलीवर ठेवलेला कोरा चहाही मी, आणखी चार घरे व्हायची आहेत म्हणून, न घेताच निघाले.

संध्याकाळी आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "आकडा तिच्या पोराचा होता ताई, आणि ऐकला साऱ्या ढाण्यानं." ढाणा म्हणजे वस्ती.

डंबा देणे, म्हणजे पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या लोखंडाने चटके देणे, मला आजही चूकच वाटते. त्या कोवळ्या कातडीला जखमा होतात, त्या चिघळतात, आणि खरा आजार तसाच राहून उपचाराला उशीर होतो. त्याबाबत मला मागे सरकायचे नाही. परंतु भर पावसाच्या रात्री बाळाचे पोट फुगते, दवाखाना ओढ्यापलीकडे असतो आणि भूमका, म्हणजे गावचा पारंपरिक वैदू, हाकेच्या अंतरावर असतो, तेव्हा ती आई काहीतरी उपाय करत असते, आणि माझा प्रश्न तिच्यावर आरोप ठेवणारा होता. आशाताई याच ठिकाणी "पोट कधी फुगलं, आधी कुणाला दाखवलं?" असे विचारतात. भूमक्यालाही त्या वैरी मानत नाहीत. उलट, बाळ आजारी पडले की दवाखान्यात पाठव, असे त्याला बसून समजावतात, आणि गेल्या पावसाळ्यात याच गावचा भूमका एका बाळाच्या आईसोबत स्वतः चालत गेला होता.

दुसरी चूक मला उशिरा उमगली. पट्टी लावण्यापूर्वी मी मराठीत विचारले होते, तिने मान हलवली होती, आणि तीच मी संमती धरली. कोरकू ही संताली आणि मुंडारीच्या कुळातली भाषा आहे. मराठीशी तिचे नाते नाही. डा म्हणजे पाणी, कोरो म्हणजे माणूस आणि कोरकू म्हणजे माणसे, एवढेच मी पाच दिवसांत शिकले. महाराष्ट्रातच आहोत, म्हणजे माझी भाषा चालणारच, हे मी पुण्याहून निघतानाच गृहीत धरले होते. (प्रशिक्षणात पट्टी कशी धरायची यावर तासभर गेला, मोहाची घेऊ नका आणि न विचारता फोटो काढू नका, एवढ्यात लोकांचा विषय आटोपला.) ती मान होकाराची होती, की परक्या बाईपुढे संकोचून हलवलेली होती, हे मला सांगता येणार नाही.

बाळाला उद्याच उपचार केंद्रात न्यायला हवे, आणि आई तयार झाली तरच ते होईल. आशाताई पुढे बोलतील आणि मी मागे बसेन, असे ठरले आहे. पट्टी पिशवीतच राहील आणि चहा आला तर घ्यायचा. "आत येऊ का?" हे एक वाक्य मात्र मी कोरकूत म्हणायचे आहे. ते आशाताईंनी लिहून दिले नाही, तोंडपाठच करायला लावले. माझा उच्चार ऐकून त्यांची धाकटी मुलगी इतकी हसली, की शेवटी तिनेच माझी शिकवणी घेतली.