लेकीचं पिवळं हाऊस

आज शाळेत हाऊस वाटली आणि लेक तोंड पाडून घरी आली. मैत्रिणी लाल हाऊसात, ही एकटी पिवळ्यात. "आई, आमचे संत कोण ते कुणालाच माहीत नाही!" पिवळी फीत वाकड्या सेफ्टी पिनेला लोंबत होती.

नाव बघितलं तर संत जोसेफ वाझ. अगं, हे तर आपले शेजारी! चोर्ला घाट उतरलं की गोवा, तिथल्या बाणावलीचे. १६८७ मध्ये डचांची कॅथलिक पाद्र्यांवर बंदी असताना हे पाद्री मजुराच्या वेषात श्रीलंकेत शिरले. १६९७ ला कँडीत देवीची साथ आली, लोक आपली माणसं टाकून पळत होते. हे रोग्यांपाशी थांबले. २०१५ साली कोलंबोत संतपद मिळालं.

मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. कोकणी माणूस, पण तिथल्या लोकांशी बोलायला तमिळ शिकला, सिंहली शिकला. पाटीवरच्या अक्षरांवरून वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या आपल्या बेळगावात हे वाचताना मी बराच वेळ गप्प बसले.

लेकीनं सगळं ऐकलं. मग कन्नडची वही काढली, फीत माझ्या हातात दिली, म्हणाली, "चांगली पिन लाव की, उद्या पडायला नको."